सोमवारी चालू राहिलेला कपॅसिटर

तीर्थरूप राजशेखरमामांस,

लातूरहून शिवकुमारचा शरणार्थ. मामींचा गुडघा नव्या तेलाला बधला का ते कळवावे. (नसेल बधला तर तेल कुणी पाठवलं ते विसरावे.) फोन तुम्ही स्पीकरवर ठेवता, म्हणून पत्र.

तुमच्या ओळखीने अमृतरावांच्या डाळमिलमध्ये मी कपॅसिटर बसवले. पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या विजेतली किती कामी लागते त्याचं माप, घसरल्यामुळे त्यांचं वीजबिल फुगत होतं. "आधी बिल सुधरू द्या, मग तुमचं बघू," असं ते म्हणाले, आणि तेवढ्यात त्यांची मंजुश्री चहा ठेवून गेली, म्हणून मी ते वाक्य लग्नाचंच धरलं. (कुणीही धरलं असतं.) त्या भरात मी त्यांना समजावलं, की मोटारी म्हणजे बैल आणि कपॅसिटर म्हणजे त्यांना दावणीवरच वैरण टाकणारा गडी. हे त्यांना पटलं. जरा जास्तच पटलं.

त्यांच्या घरात नंदीचा मान म्हणून सोमवारी बैल जुंपत नसत. बैल जाऊन मोटारी आल्या तरी रीत तीच, सोमवारी मिल बंद. मोटारी थांबल्या की कपॅसिटरही बंद करा, असं मी बजावलं होतं. पण "बैलाला सुट्टी असती हो, वैरण टाकणाऱ्याला कुठली?" असं म्हणून ते त्याला विभूती लावून चालूच ठेवत. त्यामुळे मागे रेंगाळणारा पॉवर फॅक्टर पुढे पळू लागला, त्यालाही वीज कंपनी दंड लावते, आणि बिल होतं तिथंच राहिलं. पोट भरलेल्या बैलाच्या तोंडात वैरण कोंबू नये, असं मी हात जोडून सांगितल्यावर त्यांनी सोमवारी बटण बंद करायला सुरुवात केली. तरी या महिन्याचं बिल पुन्हा तसंच! आता म्हणतात, "शिवकुमार, तुमच्या हाताला यश न्हाई." मामा, हे मला फार लागलं. मला मंजुश्रीशी लग्न करायचं आहे, आणि सगळं या डब्यापाशी अडलंय.

आपला,
शिवकुमार

ता. क. खरं काम हे, की रविवारी नांदेडहून या आणि मंजुश्रीसाठी रीतसर शब्द टाका. बिलाचा विषय काढू नका.

आणखी एक. पत्र टाकायच्या आधी आज मिलवर डोकावलो. सोमवार, मिल बंद, कपॅसिटर चालू, आणि शेजारी मंजुश्री. बाबा बटण बंद करून घरी गेले की ती येऊन चालू करते म्हणे! "बिल सुधरलं की बाबा तुम्हाला नमस्कार घालून मोकळे होतील," ती म्हणाली. "माझ्यासाठी निलंग्याचं स्थळ बघायलेत ते. बिघाड हाय तवर तुमचं येणं हाय."

मी बटणाला हात लावला नाही. तुम्ही येईपर्यंत लावणारही नाही.