भिंतीतून आलेली कृपा

नवापूर,
गुरुवार, २७ नोव्हेंबर

सौ. निर्मलाताईस धाकट्या प्रिस्किलाचा प्रभूच्या नावाने सलाम.

तू जीपवाल्याबरोबर पाठवलेलं पोतं मंगळवारी पोचलं. आत निघालं ते असं: आमचूर दीड किलो, भगर तीन किलो (पिशवी खालून उसवली होती, पण गाठ तू मारलेली, म्हणून एक दाणा सांडला नाही), उडीद दोन शेर, आणि भाऊजींचा स्वेटर, जो यांना बगलेत घट्ट होतो तरी हे काढत नाहीत. मोलगीच्या जीपवाल्याने तीस घेतले, नंदुरबारहून एसटीत पन्नास, मिळून ऐंशी. एवढ्यात आमचूर इथे पावशेरही येत नाही. तुझे उपकार. तुझा गुडघा कसा आहे ते तू गेल्या पत्रात लिहिलं नाहीस, म्हणजे दुखतो आहे. शेक घे.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोन का नाही केला म्हणशील, तर एक म्हणजे तुला रेंजसाठी शाळेमागच्या टेकडीवर चढावं लागतं, आणि दुसरं म्हणजे आमची आणि लिडियाबाईंची भिंत एकच. मी इकडे फोडणी दिली की त्या तिकडे शिंकतात. तुझी विहीण शेजारी असावी, तुझी ममता माझ्या डोळ्यांसमोरच्या घरात नांदावी म्हणून ते स्थळ मीच जुळवलं. (पुढे लिडियाबाईंच्या स्टीफनला वापीला नोकरी लागली आणि दोघं तिकडे गेली, तो भाग वेगळा.) तर जे लिहिणार आहे ते त्या भिंतीजवळ मोठ्याने बोलण्यासारखं नाही. भाऊजींना लगेच वाचायला देऊ नकोस. आधी तू बसून वाच.

गोष्ट नेटपासून सुरू होते. यांना एसटीतून रिटायर होऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून हे शेळीपालनाचे व्हिडिओ बघतात. (आमच्याकडे शेळी नाही. बांधायला जागाही नाही.) यांचा दिवसाचा डेटा दुपारच्या जेवणाआधी संपतो, मग माझा फोन घेतात, तो चारला संपतो, आणि मला प्रवचन ऐकायला मिळत नाही. दोन फोनांचे रिचार्ज सातशेच्या घरात गेले तेव्हा मी ठरवलं, घरात एकच तारेचं नेट घ्यायचं, स्वस्त आणि भरवशाचं. मे महिन्यात चौकशीला लागले. पहिल्या कंपनीचा माणूस टाय लावून आला, महिन्याचे पाचशे सांगितले, आणि चपला घालताना हळूच म्हणाला की वर्षाचे एकदम भरायचे, डब्याचे वेगळे. दुसरा आपला केबलवाला भिला. त्याचं साडेतीनशे, पण लाईट गेली की नेट जाईल का विचारलं तर म्हणतो, "मावशी, लाईट गेल्यावर तुम्ही झोपताच ना? मग नेटलाही झोपू द्या की." तिसऱ्याला गच्चीवर ताटली बसवायची होती, ती टॉवरला दिसली पाहिजे, आणि मध्ये चिंचेचं झाड. "झाड तोडा," म्हणाला. झाड चर्चचं आहे. मी वहीत तिघांचे रकाने पाडले, तिघांपुढे फुली मारली, आणि तीन शुक्रवार उपास धरून प्रार्थना केली. हसू नकोस. सोनं नव्हतं मागितलं.

चौथ्या आठवड्यात माझा फोन तापायला लागला म्हणून बसस्टँडजवळच्या मोबाईलवाल्या चुडामणभाऊंना घरी बोलावलं. (दुकानात गेलं की ते दोनशे सांगतात, घरी येऊन चहा प्यायले की लाजून शंभर.) ते फोन उघडून म्हणाले, "ताई, तुमी नेट कसाले धुंडी ऱ्हायनात? आठे तं आपसूक ई ऱ्हायनं. चारी काड्या भरेल शेतस!" पाहिलं तर खरंच, न शोधता आपोआप नेट येत होतं, फोनात त्याचं एक नाव होतं, इंग्रजीत. मी मॅट्रिक झाले आहे, एवढं मला वाचता येतं: के आर यू पी ए. कृपा. चुडामणभाऊंनी एकपासून आठपर्यंत आकडे दाबले आणि ते उघडलं. मी विचारलं, तुम्हाला पासवर्ड कसा ठाऊक? तर म्हणाले, "निम्मा नवापूरना हाऊच शे. देवनी दया शे ताई, वापरा." पैसे विचारले तर, "मन्हा शंभर द्या. देवले काय द्यानं ते तुमी पाहा."

ताई, खानदेशात लोक पाऊस पडला, बस मिळाली, खोकला थांबला तरी "देवनी दया" म्हणतात. त्यांनी सहज म्हटलं. मी ते आकाशवाणीसारखं घेतलं. तीन शुक्रवार उपाशी राहिलेल्या बाईला समोर "कृपा" दिसली की ती शेजारी विचारायला जात नाही. कुलूप कोणीतरी माझ्यादेखत उघडलं आणि मी स्वतःला सांगितलं की दार उघडंच होतं. वहीत जूनपासून दर महिन्याला लिहिलेलं आहे: नेट, निरंक, देवाची दया. हे अक्षर माझंच आहे, खोडायची सोय नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी झाकून गेलं असतं. पण जूनच्या दुसऱ्या रविवारी पाळकबाबांनी "कोणाला साक्ष द्यायची आहे का" विचारलं, आणि मी उभी राहिले. निळी साडी नेसले होते. सांगितलं की तीन माणसांनी मला फिरवलं, पण प्रभूने माझ्या घरात कृपा पाठवली, तार नाही, डबा नाही, बिल नाही, भिंतीतून येते. सगळ्यांनी हालेलुया म्हटलं. सगळ्यात मोठ्याने लिडियाबाईंनी. आणि मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नेटसाठीही प्रार्थना करा. आठवडा झाला, रांगायला लागलं आहे." पाळकबाबा म्हणाले, प्रिस्किलाताई शेजारी आहेत, त्यांनीच हा भार घ्यावा. मी घेतला. ताई, मी सहा महिने रोज डोळे मिटून तिच्या नेटसाठी प्रार्थना केली, आणि माझ्या मागे टीव्हीवर तिच्याच नेटवर प्रवचन चालू असायचं.

मला कधीच शंका आली नाही का? खरं लिहिते: आली. पण ती आली की मी काहीतरी कामाला लागायची. लिडियाबाई एकदा म्हणाल्या, "माझं नेट कोण खातं कोण जाणे." मी म्हटलं, उंदीर वायर कुरतडत असतील, आणि आमचा पिंजरा नेऊन दिला. आठवडाभर त्या भजी लावत राहिल्या. (भज्यांचं बेसन मी पाठवलं, तेवढंच मनाला बरं.) उंदीर सापडला नाही. तो भिंतीच्या अलीकडे होता.

आता जे लिहायला बसले ते. रविवारी चारला स्टीफन व्हिडिओ फोन लावतो, हे तुला ठाऊक आहे. नर्सची नोकरी संपल्यावर लिडियाबाईंना आठवड्यात तेवढीच एक ड्युटी आहे, तीनपासून केस विंचरून बसतात. आधी आई-मुलगा बोलतात, मग ममता हात पुसत समोर येते, आणि नेमकं तेव्हा चित्र थांबायचं. कारण सव्वाचारला माझं प्रवचन सुरू व्हायचं, टीव्हीवर, मोठ्ठं. यांच्या शेळ्या तर चालूच. लिडियाबाईंनी मला बोलावून दाखवलं होतं: ममता तशीच थांबलेली, तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, हात वर, जशी काही कोंबडी हाकलते आहे. म्हणाल्या, "बघ, मला पाहिलं की असं तोंड करते आणि फोन बंद करते. आजकालच्या मुली!" ताई, मी तिची मावशी. मी म्हणायला हवं होतं, आमची ममता तशी नाही. मी "हं" म्हणाले.

आणि "हं" म्हणून गप्प बसले असते तर! दिवाळीत तुला पत्र लिहिलं, "ममताला चार शब्द समजाव, सासूसमोर नीट बसत जा म्हणावं." ते पत्र तू खरं धरलंस, कारण तुला वाटतं मी हिशोबाची बाई, उगीच लिहिणार नाही. तू टेकडी चढून तिला फोनवर बोललीस. ती रडली, हे तूच कळवलंस. पोरीने काय केलं होतं? मावशीच्या प्रवचनाच्या वेळेला सासूला तोंड दाखवलं होतं.

पंधरा तारखेला हे सगळं उघडं पडलं, तेही गिलक्यापायी. लिडियाबाईंनी वैतागून जुनं नेट काढलं आणि भिलाचं घेतलं. त्यांच्या फाटकाच्या खांबावर पावसाळ्यापासून गिलक्याचा वेल चढला आहे. मी त्याची गिलकी रोज दोन-दोन आणते. भिला तार ओढायला शिडीवर चढला आणि त्याने वेल खस्सकन ओरबाडला. खाली संगमरवराची पाटी निघाली, लिडियाबाईंच्या मालकांनी घर बांधलं तेव्हाची. त्यावर: कृपा. वेल नव्हता तेव्हा रोज समोर असायची, वाचायची मात्र राहून गेली होती. मी हातात गिलकं धरून उभी. भिला वरून म्हणतो, "काय झालं मावशी, पाटी पहिल्यांदा पाहिली का?" घरात येऊन फोन पाहिला तर त्यातली कृपा गेली होती. हे ओरडले, "अगं, शेळी थांबली!"

त्याच दिवशी सांगून टाकायला हवं होतं. बटाट्याची भाजी घेऊन गेलेसुद्धा. तर लिडियाबाईंनी मला धरून खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "प्रिस्किला, नेट वाऱ्यासारखं पळतंय! तुझी प्रार्थना फळाला आली." भाजी ठेवून परत आले. गेल्या रविवारी त्यांनी चर्चमध्ये उभं राहून माझ्या नावाने साक्ष दिली, आणि घरी उपकाराचा म्हणून एक कोंबडा आणून बांधला. तो पहाटे तीनदा आरवतो. कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारणारा तो शिष्य मला आठवतो, हे तुला सांगायला नको, संडे स्कूलला आपण एकाच बाकावर बसायचो. आता चर्चमधले दलपतकाका येऊन गेले, त्यांच्या टीव्हीच्या डब्यासाठी प्रार्थना करा म्हणाले. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून नाही कसं म्हणायचं तेही कळेना.

आणि मुख्य म्हणजे, आता नेट चांगलं आहे तर ममताच समोर आली नाही. बरोबर आहे तिचं. तू रागावलीस, सासू रागावलेली, ती का येईल? स्टीफन एकटाच बोलला. लिडियाबाई मला म्हणाल्या, "बघ, आता तर नेटचंही निमित्त नाही. पोरीला मी नकोच आहे." हे ऐकून मला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. नेट चोरलं ते पैशात मोजता येईल, सहा महिन्यांचं निम्मं मी काढून ठेवलंही आहे. पण सासू-सुनेत मी जे बिघडवलं ते कोणत्या रकान्यात घालू?

तर येत्या रविवारी मी पुन्हा साक्षीला उभी राहणार आहे. (निळी साडी नाही.) त्याआधी तुला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून हे लिहिलं, उद्याच्या एसटीने जीपवाल्याकडे पाठवते. तू मला बोल, हवं तेवढं बोल, पण हे पत्र ममताला वाचून दाखव आणि दिवाळीचं पत्र चुलीत घाल. भाऊजींना सलाम, गुडघ्याला जप.

तुझी,
प्रिस्किला

ता. क. पाकीट चिकटवायला खळ करत होते (डिंकाची बाटली वाळून गेली, नवी बारा रुपयांना आहे) तेवढ्यात लिडियाबाई हातात चिठ्ठी घेऊन आल्या. म्हणाल्या, "तुझं नेट गेलंय म्हणे. माझं घे. स्टीफनने वापीहून भिलाला सांगून नवा पासवर्ड घातलाय, लिहून घे." मी वही घेतली. त्या एकेक अक्षर सांगायला लागल्या: एम, ए, एम, ए... आणि थांबल्या. म्हणाल्या, "अगं, हे तर तिचंच नाव." मग चिठ्ठी पुन्हा पहिल्या अक्षरापासून वाचू लागल्या. मला राहवेना. रविवारची वाट न पाहता मी सगळं सांगून टाकलं, चुडामणभाऊंपासून शेळ्यांपर्यंत. मला वाटलं आता कोंबडा परत मागतील. त्या आमच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "नेटचं जाऊ दे गं. मी तिला काय काय बोलले!" मी म्हटलं, लावा आत्ताच फोन. तर म्हणाल्या, "तू लाव. तू मावशी आहेस." मी म्हटलं, तुम्ही सासू आहात. अशा आम्ही दोघी अर्धा तास एका फोनकडे बघत बसलो आणि कोणीच हात लावला नाही. तेव्हा ताई, खरं मागणं हे आहे: ममतालाच सांग, रविवारी चारला स्टीफनच्या आधी तिनेच समोर यावं. रागावून आली तरी चालेल. इकडे आम्ही दोघी केस विंचरून बसलेल्या असू, आणि टीव्ही बंद असेल.

ता. क. २. पासवर्डात नावापुढे चार आकडे आहेत. ते सांगायच्या आधीच वरचं सगळं झालं, आणि आता मागायचे कसे? लग्नाची तारीख असेल की ममताचा वाढदिवस? हे विचारत आहेत, मी नाही. लिडियाबाईंची परवानगी घेऊन, महिन्याचे निम्मे देऊनच ते आकडे दाबीन. स्टीफनकडून आकडे घेऊन उलट टपाली कळव.