आमच्या घरची बिनधुराची चूल

वालूर, जि. परभणी
संक्रांतीच्या अलीकडे, १९८६

वडीलधारे सितारामराव यांना वालूरहून धाकटे मेव्हणे किशनराव यांचा रामराम पोचावा. झरीकडे सगळ्यांची तब्येत ठीक असावी, वहिनींचा गुडघा या थंडीत फार कुरकुरत नसावा आणि आपली कंधारी बैलजोडी चारा खात असावी, अशी आशा आहे. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. (खुशाल हा शब्द लिहिण्याआधी मी जरा थांबलो होतो, पण त्याच्यावाचून पत्र पुढं सरकेना.)

बाजारात भेटलेल्या पाहुण्याकडून आपला निरोप मिळाला. निरोप असा की, आपली बहीण सुमनबाई गावोगाव चिखल मळत फिरते, जाऊ नये त्या वस्तीत जाऊन चहा पिते आणि तिचा नवरा काय करतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. नवरा पत्र लिहितो. बाकीच्यांची उत्तरं द्यायची तर सुरुवातीपासून सांगावं लागेल. आपल्याला सवड असेल असं धरून चालतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या ग्रामसेविका पार्वतीबाई यांनी चावडीवर सभा घेतली. सरकार आता घरोघर बिनधुराच्या चुली बसवणार, पाइप सरकारचा, साचा सरकारचा, जळण निम्मं लागणार आणि धूर घरात न कोंडता पाइपातून माळवदाच्या वर जाणार, असं त्यांनी समजावून सांगितलं. पहिली चूल कुणाकडं बसवायची, असं विचारल्यावर सगळी सभा आढ्याकडं बघायला लागली. मला त्याच वेळी खोकला आला. तो बिडीचा होता, पण पार्वतीबाईंनी तो होकार समजला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजल्यावर माणसाला माघार घेता येत नाही. सुमनबाई तेव्हा आपल्याकडं जावळाच्या कार्यक्रमाला आल्या होत्या. त्या यायच्या आत जुनी चूल फोडून नवी उभी राहिली. आई विरोधात होती. धूर बंद झाला तर माळवदाच्या लाकडांना वाळवी लागंल आणि चुलीवर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना किडे पडतील, असं तिचं म्हणणं. (ते अगदीच खोटं नव्हतं, पण सभेत टाळ्या वाजून गेल्या होत्या.)

सुमनबाई झरीहून आल्या, बोचकं खाली ठेवलं आणि वाकून चुलीच्या तोंडात बघितलं. मग मला विचारलं, "माझी चूल कुठंय?" मी म्हणालो, "ही काय." त्या म्हणाल्या, "ही चूल न्हाई. हे सरकारी हापिस हाय." एवढं बोलून त्या स्वयंपाकाला लागल्या. चुलीचं तोंड इतकं बारीक की पऱ्हाट्या वीतभर मोडून घालाव्या लागत. भाकरी तव्यावरून उतरवून आरासमोर उभी करायला जागाच नव्हती, त्यामुळं ती फुगेना. आम्ही ती तशीच खाल्ली. आपल्या भगिनीचा राग आपण लहानपणापासून पाहिलेला आहे, तेव्हा पुढचे दिवस कसे गेले हे वेगळं सांगत नाही.

शेवटी एका सकाळी त्यांनी खुरपं घेतलं आणि चुलीचं तोंड उकरून भाकरीएवढं रुंद केलं. नेमके त्याच दिवशी तालुक्याचे एक साहेब पाहणीला आले. मी त्यांना मोठ्या तोऱ्यात आत नेलं. रुंद तोंडातून सगळा धूर घरात आला आणि दारं-खिडक्यांतून बाहेर पडायला लागला. शेजारच्या भगवानरावांना वाटलं, आग लागली. ते घागर घेऊन त्यांच्या माळवदावरून आमच्या माळवदावर आले आणि दिसला त्या पाइपात पाणी ओतलं. पाणी पाइपातून चुलीत उतरलं आणि चुलीच्या तोंडातून काळं होऊन साहेबांच्या पांढऱ्या पँटीवर आलं. साहेब समजूतदार होते. डोळे पुसत बाहेर आले, लिंबाखाली बसले आणि गावाचा उत्साह चांगला आहे, असं म्हणून निघून गेले.

पार्वतीबाईंनी मात्र रागावण्याऐवजी पदर खोचला. त्या आणि सुमनबाई दुपारभर चुलीपुढं मांडी घालून बसल्या. माती काढायची, लावायची, पेटवायची, खोकायचं आणि पुन्हा काढायची. (मी मधून काही सूचना केल्या. त्या ऐकल्या गेल्या नाहीत.) संध्याकाळच्या आत भाकरीपुरतं तोंडही राहिलं आणि धूरही पाइपाची वाट धरायला लागला. चुलीच्या मागच्या तोंडावर, वैलावर, पाण्याचं पातेलं ठेवलं तर भाकरी होईपर्यंत ते आपोआप कढत होतं, हे त्या दिवशी आईच्या लक्षात आलं. आयुष्यभर सगळ्यांच्या मागून उरलेल्या कोमट पाण्यानं अंघोळ केलेल्या बाईला रोज पहिलं कढत पाणी मिळायला लागलं. त्यानंतर वाळवीचा विषय आमच्या घरात निघाला नाही.

पुढं पार्वतीबाईंनी सुमनबाईंना परभणीला चुली घालायच्या शिक्षणाला नेलं. परत आल्या त्या वेगळ्याच चालीनं. गावात चुली घालायला लागल्या. आधी आमच्या आळीत, मग ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीत. आपल्याला ठाऊकच आहे, नामांतराच्या दंगलीनंतर त्या वस्तीतले लोक आणि आमच्या आळीतले लोक फक्त बाजारात भेटतात आणि तिथंही भावापुरतंच बोलतात. सुमनबाईंनी तिथं सरजाबाईच्या घरी चूल घातली आणि ती पेटली की नाही हे बघायला तिच्यावरच चहा केला. केला म्हणून दोघींनी प्यायला. ही बातमी सुमनबाईंच्या आधी घरी पोचली होती.

आई दारातच बसली होती. म्हणाली, "आधी डोईवरून पाणी घे, मग माठाला शिव." सुमनबाई म्हणाल्या, "मी घाण न्हाई केली. चूल केली." आई म्हणाली, "माझ्या घरात माझी रीत." त्यावर सुमनबाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग आत्याबाई, चूलबी तुमीच सांभाळा. मी हात लावायची न्हाई." मी तिथंच उभा होतो. दोघींनी माझ्याकडं पाहिलं. मला त्या वेळी गाईला पाणी दाखवायचं आठवलं, म्हणून मी गोठ्यात गेलो.

ऐन मार्गशीर्षाची थंडी. सुमनबाई अंगणात तीन दगडांवर आपल्यापुरत्या भाकरी टाकत. मलाही द्यायला त्यांची ना नव्हती, पण आईसमोर घ्यायची कशी? आणि आईच्या हातचं खाऊन सुमनबाईंसमोर बसायचं कसं? म्हणून मी स्वतः रांधायला लागलो. माझी भाकरी कशी होत असे, हे वहिनींच्या कानावर जाऊ नये म्हणून लिहीत नाही. आईच्या पाण्यासाठी मी चुलीत ओल्या तुराट्या सारत असे. तिला कधी गार पाण्यानं अंघोळ करावी लागे, कधी करपट वासाच्या. रात्री तिचे दात वाजलेले ऐकू येत.

अशात सुमनबाई पार्वतीबाईंबरोबर पाथरीला गेल्या, तिकडच्या बायांना शिकवायला. त्याच सकाळी आमच्या पाइपात काजळी दाटली आणि सगळा धूर आत फिरला. मी माळवदावर चढून पाइपात बांबू घातला. बांबू आत गेला तो बाहेर येईना. (अजून अर्धा तिथंच आहे असं समजू नका, तो निघाला. पुढं लिहितो.) खाली आई भिंतीला धरून खोकत होती, डोळ्यांतून पाणी, श्वास घेता येईना. मी तिला अंगणात आणून बसवलं. ती जरा शांत झाली आणि म्हणाली, "सरजीला बोलीव." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. तर म्हणाली, "सुमननं तिला शिकीवलंय म्हनं. जा की, बगत काय बसलास?"

मी ओढा ओलांडून गेलो. ओढ्यापलीकडं मी किती वर्षांनी गेलो, ते सरजाबाईनंच मला विचारलं. मी तिला पाइपात अडकलेल्या बांबूचं सांगितलं. ती आली आणि अंगणाच्या कडेला उभी राहिली. आळीतली माणसं आपापल्या दारात आली होती. ती म्हणाली, "माय, आत येऊ का? मागून कुनी काय म्हनंल." आई म्हणाली, "चूल काय अंगनात हाय का?"

सरजाबाई आत गेली. तिनं खालून काजळी ओढली, मला वर पाठवून बांबू उलटा फिरवायला लावला, तो निघाला. कोरड्या पऱ्हाट्या मोडून चूल पेटवली, मागं पाणी ठेवलं, पुढं चहा ठेवला. चहाची कपबशी तिनं आईसमोर धरली तेव्हा मी पुन्हा गोठ्याकडं निघालो होतो, पण पाय निघाला नाही. आईनं कपबशी घेतली. फुंकून फुंकून सगळा चहा प्यायली आणि म्हणाली, "गूळ कमी पडला." सरजाबाई म्हणाली, "उद्या जास्ती टाकते." आणि दुसऱ्या दिवशी ती खरोखरच आली.

सुमनबाई पाथरीहून आल्या तेव्हा धुतलेल्या दोन कपबशा पालथ्या घातलेल्या होत्या. त्यांनी कुणाच्या म्हणून विचारलं. आई म्हणाली, "सरजी आलती. तुझ्यापेक्षा चांगली पेटीवती." सुमनबाई मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसत होत्या, आणि त्या दिवशी घरात धूर नव्हता. मग उठून त्यांनी भाकरी टाकल्या. मी किती खाल्ल्या ते आईनं मोजलं, मी नाही.

आळीत बोलणं होतं, नाही असं नाही. दोन घरांनी आमच्याकडचं पाणी सोडलं. भगवानरावांनी सोडलं नाही, कारण त्यांना चूल पाहिजे आहे. आपल्या निरोपाचं उत्तर यात कुठंतरी आलं असावं. वहिनींना रामराम, पोरांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

आपला,
किशनराव

ता. क. झरीत चुली घालायला आता सुमनबाई आणि सरजाबाई दोघी येणार आहेत. आठवडाभराचं काम आहे. उतरायची सोय दोघींची आपल्याच घरी करावी, एकाच खोलीत आणि एकाच पंगतीला. वेगळी कपबशी काढू नये. एवढ्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. आणखी एक. वहिनींना विचारल्याशिवाय आपली जुनी चूल फोडू नये. हा सल्ला फुकट आहे.

ता. क. हे पत्र टपालानं पाठवणार होतो, पण आई म्हणाली, टपालाला वेळ लागतो आणि सितारामला विचार करायला वेळ देऊ नको. म्हणून पाकीट चिकटवून सुमनबाईंच्याच हाती देतो आहे. म्हणजे आपण हे वाचत आहात तोवर त्या दोघी डोक्यावर चुलीचा साचा घेऊन आपल्या दारात उभ्या आहेत. पत्र फार लांबलं, याबद्दल माझ्या वतीनं त्यांची माफी मागावी आणि त्यांना आत घ्यावं.