वळताना येणारा कट आवाज

मंगळवार, संध्याकाळ

उद्यापासून लेक एकटी गाडी चालवत कल्याणला नोकरीला जाणार, आणि स्टिअरिंग वळवलं की 'कट' असा आवाज. नारपोलीचा मेकॅनिक म्हणाला, "चाची, ग्रीस मार देता हूँ, आवाज चला जाएगा."

रद्दीतून आणलेलं गाडीचं पुस्तक मी दोनदा वाचलंय. म्हटलं, "आधी चाक उचलून हलवून दाखव."

चाक डुललं. स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा पार सैल. "वळणावर सुटला असता," तो हळूच बोलला. नवा बसवून घेतला.

हे हयात होते तेव्हाही वळताना कट व्हायचं. हे हसून गाण्यांचा आवाज मोठा करायचे. तेव्हापासूनच सैल होता का?

येताना कोन गावाच्या वळणावर लेकीने गाणी लावली. मी बंद केली. कट झालं नाही. मग मीच परत लावली. यांच्याइतकी मोठी नाही.