सहाणेवरची शेरी

सोलापूर,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. हृषीकेश यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. आईचे गुडघे दुखतात, पण बसून राहील तर शपथ. इंद्रायणीच्या लग्नाच्या साड्यांनी माझं पुस्तकांचं कपाटही बळकावलंय.

पत्र पाहून दचकू नकोस. आई फोन पुढे करते तेव्हा मी चष्मा शोधायला आत जातो, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. कागदावर मला जमतं.

तू तुझ्या मित्राबरोबर, श्रीशैलबरोबर, लाकडाचं फळकूट पाठवलंस. तो घाईत ठेवून गेला. आईने वास घेतला आणि ठरवून टाकलं की हे परदेशी चंदन. चार दिवस ते सहाणेवर उगाळलं. देवांना गंध, मला गंध. त्याच कपाळाने मी देवळात रुद्र म्हणून आलो. शिवयोगी पुजाऱ्यांनी तर विचारलंसुद्धा की मास्तर, बेदाण्यासारखा वास कसला येतोय? पाचव्या दिवशी श्रीशैल येऊन म्हणाला, काका, ते शेरीच्या पिंपाचं लाकूड आहे. आईने आधी सहाण घासून काढली. मग देवांना तीनदा आंघोळ घातली. मला मात्र हसू आवरेना.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलंय रे, गप्प कसा बसेन? वाचलं ते असं: तुमची सिंगल माल्ट व्हिस्की आधी कित्येक वर्षं एका पिंपात मुरते. मग शेवटचे काही महिने तिला शेरीच्या, म्हणजे स्पेनमधल्या द्राक्षाच्या वाइनच्या, पिंपात हलवतात. तेवढ्यात तिला बेदाणा, अंजीर, अक्रोडाची चव येते. बरोबर ना? मग ही चव लाकडात झिरपलेल्या वाइनची, की लाकडाचीच? तेच पिंप दुसऱ्यांदा वापरलं तर किती उतरते? जास्त दिवस ठेवलं तर मूळ चव दबते म्हणे. मग आता पुरे, हे ठरवतं कोण? श्रीशैल म्हणाला, तुमचा हृषीच. नमुना काढतो, हुंगतो आणि सांगतो. लहानपणी बारा महिने गळणारं नाक तुझं! मला फार अभिमान वाटला.

मी कधी घोटभरही चाखणार नाही, ते सोड. पण हे काम काय आहे ते समजून न घेताच तीन वर्षांपूर्वी तुला म्हणालो होतो, "दारू गाळणाऱ्याला या घरात जागा नाही." चुकलं माझं. तू आईला विचारलंस म्हणे, लग्नाला येऊ का. महिना झाला, मी उत्तर दिलं नाही. सांगायची लाज वाटते, पण व्याह्यांना मी मुलगा औषधांच्या कंपनीत आहे असं सांगून ठेवलं होतं.

काल त्यांच्याकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. लग्न मोडलं तर काय, ही भीती होतीच. इंद्रायणीच म्हणाली होती की बाबा, सांगाच. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, लपवायला नको होतं. लग्न ठरल्याप्रमाणेच आहे.

येताना तुझ्या चुलतभावाकडे, अनिमेषकडे गेलो. कानपिळीला, नवरदेवाचा कान धरायला, तो उभा राहणार होता. त्याला सांगितलं, "तू नको. तिचा सख्खा भाऊ येतोय."

आता मला खोटं पाडू नकोस.

तुझी माफी मागणारा,
बाबा