चूक आढळली नाही

प्रिय ताई,

परवा रविवारी तू माझ्या बढतीचा म्हणून नवा शर्ट घेऊन आलीस आणि मी जेवता जेवता ताटावरून उठलो. पित्ताचं निमित्त सांगितलं. तू लगेच हिला लिंबूपाणी करायला लावलंस. पित्तबित्त काही नव्हतं. तू हिला हसत म्हणालीस ना, आईबाबांच्या पोटी एक तरी बिनचूक निघाला, मी मेली धांदरट, तेव्हा मला पानावर बसवेना. टोमणा असता तर चाललं असतं. पण तुझ्या मनात तसलं काही नव्हतं, तीच पंचाईत.

समोर बसून बोलायला गेलो तर अर्ध्यातच तू माझी बाजू घ्यायला लागशील, म्हणून लिहितोय.

थर्मामीटर तपासायच्या खोलीत मला तूच आणलंस. पहिल्या आठवड्यात मी दिसेल त्या नळीला 'अचूक' म्हणत सुटलो होतो आणि तू माझी काय खेचली होतीस! काचेत बुडबुडा नसेल तर काच निर्दोष म्हण, पारा खुणेवर टेकला तर तेवढा आकडा अचूक म्हण, आणि बिनचूक हे आपल्याला लोकांनी म्हणायचं, आपण आपल्याला नाही. दाखल्यावर मात्र यातलं काहीच नाही, तिथे फक्त 'चूक आढळली नाही'. आपण जिथे पाहिलं, तिथलंच सांगू शकतो, म्हणालीस. मला तो शब्दांचा कीस वाटला होता. पुढे त्याच तीन शब्दांच्या आड मी लपलो.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा गरम पाण्यातली तपासणी तुझी, बर्फातली माझी, मग ट्रे तयार मालाच्या फळीवर. एका दवाखान्यात औषधांच्या थंड कपाटातले आपले थर्मामीटर थंडीच्या बाजूला दोन अंशांनी चुकीचे निघाले, औषधं फेकावी लागली, चौकशी बसली. गरम बाजू चोख होती, म्हणजे तुझं काम चोख होतं. प्रश्न एवढाच, की त्या थर्मामीटरांचा ट्रे बर्फात गेलाच कसा नाही. साहेबांनी माझ्याकडून लेखी मागितलं. मी लिहिलं, 'मी तपासलेल्या नगांत चूक आढळली नाही.' अक्षरन् अक्षर खरं, कारण तो ट्रे मी तपासलाच नव्हता! त्यांनी अर्थ काढला की तू तो चुकून थेट फळीवर ठेवलास, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलो.

बर्फ वितळला होता, ताई. तळमजल्यावरून नवा आणायचा कंटाळा आला. मित्राच्या खिशात पिक्चरची तिकिटं होती. मी ट्रे उचलला, फळीवर ठेवला आणि निघालो. पिक्चरही भिकार निघाला. इतक्या स्वस्तात शेण खाल्लं मी.

तुला पॅकिंगला टाकलं. तू भांडली असतीस तर मी कदाचित कबूल केलं असतं. पण तूच म्हणालीस, ठेवला असेल बाई मी, माझंच लक्ष नसेल. तेव्हापासून तू कुलूप लावून दोनदा मागे फिरतेस, भावोजी त्यावरून तुझी थट्टा करतात आणि मीही त्यांच्यासोबत हसतो. लाज वाटायची, नाही असं नाही. पण सकाळी वाटलेली लाज दुपारच्या डब्यापर्यंत टिकायची नाही. रविवारपासून मात्र ती जात नाहीये.

आज सकाळी साहेबांना सगळं लिहून दिलं. बढती नको, असंही. नोकरी राहील की जाईल, कोण जाणे. उद्या ते तुला बोलावतील, आणि मला भीती आहे ती तुझीच. तू जाऊन म्हणशील, नाही हो, माझंच चुकलं असेल, तो उगाच अंगावर घेतोय. तुला तसं खरंच वाटत असेल, म्हणून हे पत्र. माझ्यावर पांघरूण घालू नकोस. तो ट्रे तू माझ्या टेबलावरच ठेवला होतास. ठेवताना माझ्या कपाळाला हात लावून पाहिलास आणि विचारलंस, दमलास का रे? मी हो म्हणालो.

तुझाच,
धाकटा