साहेबांच्या आडनावाचं झाड

३ मार्च, सकाळी ११
दूरच्या बेटांवरून वाळलेल्या झाडांचा गठ्ठा आमच्या वनस्पती संग्रहालयात आला. एका नमुन्याला अजून कुजक्या मांसाचा वास. फुलं मळकट, तोंड वासलेली. दुसऱ्या झाडाच्या जिवावर पोसलेलं, थोडक्यात बांडगूळ. सगळी पुस्तकं चाळली, कुठल्याच जीनसमध्ये बसत नाही. जीनस म्हणजे झाडाचं आडनाव. ते ठेवायचा मान आता माझा. बघताक्षणी आमच्या संग्रहालयाचे प्रमुख, साहेब आठवले.

४ मार्च
अकरा वर्षांपूर्वी माझा नेच्यांवरचा, म्हणजे फर्नवरचा पेपर साहेबांनी स्वतःच्या नावावर छापला. माझे आभार तळटीपेत, टायपिस्टच्या खाली. मी मनात काही ठेवत नाही. १९ जुलै, मंगळवार होता.

९ मार्च
ठरलं. झाडाला साहेबांचं आडनाव. वर्णनात 'दुर्गंधी', 'परोपजीवी' आणि 'माश्यांना भुलवणारे'. शब्द शास्त्रीय आहेत, बोट कोण ठेवणार? हिला सांगितलं. म्हणाली, त्यापेक्षा एकदा तोंडावर बोला ना. हिला सूडातलं काही कळत नाही.

२२ मे
पेपर स्वीकारला. 'दुर्गंधी' पाच वेळा होता, संपादकांनी एकदाच ठेवला. एक पुरे.

१२ ऑगस्ट, दुपारी ४
साहेबांच्या टेबलावर अंक ठेवला, पान उघडून. चेहरा पडताना बघायला दारात थांबलो. साहेबांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला. डोळे पुसले. म्हणाले, तीस वर्षांत माझ्यासाठी कुणी एवढं केलं नाही. त्या नेच्यांच्या वेळी मी तुझ्याशी वाईट वागलो रे. मी म्हणालो, त्यात काय साहेब. का म्हणालो, देव जाणे.

१३ ऑगस्ट
साहेबांनी फुलाचा फोटो फ्रेम करून केबिनमध्ये लावला. येईल त्याला दाखवतात, शेजारी मला उभं करून. सूड अजून त्यांच्या लक्षात आलेला नाही. येईल. आज माश्यांचं मुद्दाम समजावून सांगितलं. म्हणाले, किती हुशार झाड.

११ डिसेंबर
त्याच बेटांवर त्याच जीनसमधली दुसरी जात सापडली. पहिलीपेक्षा बुटकी, वास दुप्पट. साहेबांनी मला न विचारता नाव ठेवून छापूनही आणलं. उपकाराची फेड म्हणे. आधी त्यांचं आडनाव, मोठ्या अक्षराने. त्यामागे जातीचं नाव म्हणून माझं, लहान अक्षराने. नियमच तसा आहे, आणि आता कुणालाही बदलता येणार नाही.
हिला अंक दाखवला. तिने नाव दोनदा मोठ्याने वाचलं. म्हणाली, म्हणजे तुम्ही आता त्यांच्या घरात पडलात.