शून्याच्या मागचे आकडे

मुंजाजीमामाच्या घरून,
६ मे २००२

प्रिय शिला,

माझा जयभीम आणि तुला जय सेवालाल. हिंगोलीला होस्टेलवर होतो तेव्हा सकाळी तोंड धुता धुता आपण एकमेकींना हेच म्हणायचो. तू नांदेडला शंकरसिंगभाऊंकडे बरी असशील. वहिनींना नमस्कार सांग. बाळाला दात आले का?

मी इथं मजेत आहे. उन्हाळी वर्गाला ह्या वर्षी तू नको म्हणालीस म्हणून संस्थेनं मला धाडलं, आणि नेमकं मामाचंच गाव निघालं. मामी मला पाहुणीसारखी वागवते. ऊन मात्र विचारू नकोस. दहा वाजताच शाळेचे पत्रे तडतडायला लागतात.

लेकरं गुणाची आहेत. सगळी सातवी पास. जूनमध्ये जीपनं गोरेगावच्या हायस्कुलात जातील, तिथल्या भरल्या वर्गात दबून जाऊ नयेत एवढाच माझा प्रयत्न. सकाळी आधी वाचन घेते. जळबा म्हणून एक पोरगा आहे, तो काट्यांतून चालल्यासारखा एकेक शब्द चाचपत वाचतो. तांड्यावरची वनिता घडाघडा वाचते, पण काय कळलं म्हणून विचारलं की पायाच्या अंगठ्याकडे बघते. किराणा बांधून आलेले पेपरचे तुकडे मी वाचायला देते. बातमी अर्ध्यात फाटलेली असते, मग पुढं काय झालं असेल ते त्यांनी सांगायचं. त्यात ती खूप रमतात.

वाचनानंतर गणित. पाढे, अपूर्णांक, आणि आता वजा संख्या. सातवीपर्यंत व्हायला हव्या होत्या, पण इथं कुणाला त्या धड येत नाहीत.

शाळेच्या दोन खोल्यांपैकी एक बंदच असते. पत्रे उडालेत असं सरपंच म्हणाले, पण बाहेरून बघितलं तर पत्रे जागेवर आहेत. असो. त्या बंद खोलीमुळं आमच्या खोलीला घुमारा येतो. लेकरं पाढे म्हणतात तेव्हा शेवटचा आकडा भिंतीपलीकडून परत येतो. कधी कधी तो लेकरांच्या आधी येतो. मजेशीर आहे.

तू मागच्या वर्षी गणितात कुठवर आली होतीस? मला कुठून पुढं न्यायचं ते कळेल. मामीला विचारलं तर "ती बाई मे अर्धा असतानाच गेली" एवढं म्हणाली आणि उठून चुलीकडे गेली.

पत्र पाठव. बाळाला पापा.

तुझी,
पल्लवी


२१ मे २००२

प्रिय शिला,

जयभीम. तुझं पत्र आलं नाही. एसटीडीवरून फोन लावला तर वहिनी म्हणाल्या, शिला झोपली आहे. भर सकाळी तू झोपत नाहीस, मला माहीत आहे.

मागच्या पत्रात मी घुमारा म्हणून लिहिलं होतं. तो घुमारा नाही. हे मला तेव्हाही कळत होतं. पण कागदावर लिहिलं की ते खरं होऊन बसेल असं वाटलं.

झालं असं. त्या आठवड्यात मी वजा संख्या सुरू केल्या. फळ्यावर रेघ ओढली, मधे शून्य टाकलं, उजवीकडे एक, दोन, तीन. मग खडू शून्यावर ठेवून मी क्षणभर थांबले. तेवढ्यात भिंतीपलीकडून एका पोरीचा आवाज आला. ओरडून नाही, वर्गात हात वर करून विचारावं तसा.

"बाई, शून्याच्या मागं काय असतं?"

मी म्हटलं, "कोण बोललं?" सगळी लेकरं पाटीकडे बघत होती. कुणी दचकलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली. शेवटी वनिता हळूच म्हणाली, "जमना हाय ती, बाई. ती रोजच इचारती."

"तुम्ही मला सांगितलं काहून नाही?"

"शिलाबाईला सांगितलं व्हतं. त्या रडल्या अन् गेल्या."

म्हणजे तुला हे ठाऊक होतं. आणि मला "पोरं चांगली आहेत, जा" एवढंच म्हणालीस.

मी रागावले नाही, शिला. मी तुझ्या जागी असते तर तेही म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या आवाजाला उत्तर दिलं. भिंतीकडे तोंड करून शिकवलं. म्हटलं, समज जमीन म्हणजे शून्य. माळवदावर चढलीस तर अधिक, विहिरीत उतरलीस तर वजा. एक पायरी खाली म्हणजे वजा एक. लेकरांना लगेच समजलं, जळबालासुद्धा. पलीकडे शांत झालं. मला वाटलं, जमलं. तर तिसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी, त्याच आवाजात, "बाई, शून्याच्या मागं काय असतं?" जणू मी काही बोललेच नव्हते.

मग तांड्यात बोभाटा झाला. वनिताचा बाप धर्मसिंग शाळेत आला. माणूस वाईट नाही, पण त्याला निमित्तच हवं होतं. म्हणाला, "बाई, असल्या जागी पोरगी धाडणार न्हाई. अन् आठवी करून काय करायचं? आमी स्थळ बघूनच राहिलो." वनिता त्याच्यामागं उभी होती. नुसती फळ्याकडे बघत होती.

त्याच दिवशी बेबीबाई आली. जमनाची आई. शाळा झाडायला येते तीच बेबीबाई हे मला माहीत नव्हतं, तुला असेल. बंद खोलीची किल्ली तिच्याच कनवटीला होती. तिनं कुलूप काढलं. आत काही नाही, शिला. दोन मोडके बाक, कोपऱ्यात सतरंजीची वळकटी. आणि जमिनीवर तू खडूनं ओढलेली रेघ. शून्यापासून उजवीकडे दहापर्यंत. डावीकडे कोरी जमीन. बेबीबाई वर्षभर ती खोली झाडते, पण रेघेवर झाडू फिरवत नाही. तिथं बसून फडक्यानं आजूबाजूची धूळ टिपते.

तिनं मला सगळं सांगितलं. मागच्या वर्षी त्या दिवशी तू याच खोलीत रेघ ओढलीस, आणि जमनानं विचारलं शून्याच्या मागं काय असतं. बारा वाजून गेले होते, तू म्हणालीस, "उद्या सांगते." लेकरं सुटली. जमना तांड्याकडे एकटी निघाली, वाटेत ओढ्याजवळ पळसाखाली बसली. तिला ऊन लागलं होतं. संध्याकाळी शेळ्या परतल्या तेव्हा ती तिथंच होती, बसलेली.

"मला वाटलं निजलं लेकरू," बेबीबाई म्हणाली.

मी विचारलं, शिलाबाईवर राग आहे का? तिनं माझ्याकडे असं बघितलं की मलाच लाज वाटली. "बाईचा काय कसूर? माझ्या लेकराला ऊन लागलं, बाईनं थोडंच लावलं." मग दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाली, "तुमी चांगलं शिकवता. पण तिची बाई शिला. ती दुसऱ्याचं ऐकत न्हाई. शिलाबाईला म्हणावं, उद्या सांगते म्हणाली व्हतीस, तेवढं सांगून जा. लई झालं एकच इचारून राहिली."

हा निरोप आहे. मी माझ्याकडचं काही त्यात घातलं नाही.

तू ये. दिवसाच ये, मी फाट्यावर थांबेन. धर्मसिंगला मी महिनाअखेरपर्यंत थांबायला सांगितलं आहे. वनिताचं सगळं त्यावर अडलं आहे. पण खरं सांगू, मी हे वनितासाठी लिहीत नाही. मला आता तो प्रश्न घरी भाकरी खातानाही ऐकू येतो, आणि मला उत्तर येत असून देता येत नाही.

वाट बघते.

पल्लवी


१६ जून २००२

शिला,

जयभीम. तू सुखरूप पोचल्याचं वहिनींकडून कळलं.

त्या दिवशी तू खोलीतून बाहेर आलीस, हाताला खडू लागलेला, आणि म्हणालीस, "आत कुणी नाही पल्लवी. मी रिकाम्या भिंतींना शिकवलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं काय केलंत?" मी काही बोलले नाही. जीप आली, तू बसलीस. तुला वाटलं असेल मी ओशाळले. तसं नव्हतं. मी अजून कान देऊन ऐकत होते. आज लिहिते.

तू दार लोटून घेतलंस. बाहेर मी, बेबीबाई, लेकरं, आणि कडुनिंबाखाली धर्मसिंग. तुझा आवाज आम्हाला स्पष्ट येत होता. तू म्हणालीस, "जमना, मी उद्या सांगते म्हटलं होतं. आज सांगते." मग खडू जमिनीवर घासल्याचा आवाज आला. तू म्हणालीस, "हे बघ, शून्याच्या मागंही आकडे असतात. रेघ थांबत नाही. म्हण, वजा एक."

तू आत एकटीच होतीस, तुला तुझाच आवाज ऐकू आला. आम्हाला दोन आले.

"वजा एक," ती म्हणाली. तू म्हणालीस वजा दोन, ती म्हणाली वजा दोन. वजा पाचपाशी तू थांबलीस, आठवतं? ती थांबली नाही. ती एकटीच पुढं म्हणत गेली. वजा सहा, वजा सात, अगदी हौसेनं, नवीन पाढा आल्यासारखं. वनिता माझा दंड धरून उभी होती. तो आवाज आधी खोलीत होता, मग मागच्या भिंतीत, मग भिंतीपलीकडे वावरात. तुरीच्या खुंटांवरून लांब लांब जात होता. धर्मसिंगनं डोक्यावरचं पागोटं काढून हातात धरलं. आकडे मला ऐकू येईनासे झाले तरी बेबीबाई मान वाकडी करून ऐकतच होती. मग तीही सरळ उभी राहिली.

त्या दिवसापासून खोली गप्प आहे. लेकरं मुद्दाम भिंतीला कान लावून बघायची. उन्हाळी वर्गाचे उरलेले दिवस मी त्याच खोलीत शिकवलं, वारा चांगला येतो.

धर्मसिंग मुकाट्यानं जाऊन वनिताचं नाव हायस्कुलात घालून आला. मला एवढंच म्हणाला, "शिकू द्या तिला. मधेच नगं थांबवायला." शाळा सुरू झाली. काल जीपमध्ये ती जळबाशेजारी बसून पुस्तक मोठ्यानं वाचत गेली म्हणे, ड्रायव्हर कंटाळला.

इथवर आनंदानंच लिहिलं. खरं तर इथंच पत्र संपवणार होते. पण बेबीबाई काल मामीकडे आली होती. हातात नवं स्टीलचं फुलपात्र, बाजारातून आणलेलं. म्हणाली, "हे शिलाबाईला धाडता येईल का?" मी विचारलं, कशाला? तिला वाटलं मला ठाऊकच आहे.

"जीप निघाली तवा मी फाट्यापोत्तर मागं मागं चालले ना, बाई. जमना वावरातून फिरून आली व्हती. शिलाबाईच्या बाजूला बसली. मला वाटलं उतरंल, पण न्हाई उतरली. चांगलं झालं. बाईजवळ राहील, शिकंल. बाईला म्हणावं, दुपारी तिला पाणी देत जा. ती मागत न्हाई. तहान लागली तरी बोलत न्हाई, तसलं लेकरू हाय ते."

ती हसत होती, शिला. वर्षभरात तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं, असं मामी म्हणाली.

मी फुलपात्र ठेवून घेतलं. मामा मंगळवारी नांदेडला येणार आहे, त्याच्याबरोबर धाडते. तुला हे सगळं खोटं वाटलं तर त्यात चहा पी, बाळाला दूध दे. मी रागावणार नाही.

पण बाराच्या पुढं घरात सगळे पडलेले असताना कुणी तुला बाई म्हणून हाक मारली, तर उद्यावर ढकलू नकोस. येत असेल तेवढं लगेच सांग.

आणि मला उलट टपाली एकच ओळ लिही. ती तिथं आहे का? आज सकाळी बेबीबाई तेच विचारून गेली, आणि मी अजून तिला काही सांगितलेलं नाही.

तुझी,
पल्लवी